जुन्या फियाटला टायर कोणता, डिस्कचा रंग कोणता?

प्रश्न : वडिलांची 1968 सालची फियाट 1100 डिलाइट पुन्हा रस्त्यावर आणतोय. मधे कुणीतरी तिला 13 इंची अलॉय चाकं आणि रुंद टायर बसवले. जुन्या चार डिस्क (टायर ज्यावर चढतो ती लोखंडी चाकं) माळ्यावर सापडल्या, पाचवी डिकीत स्टेपनी म्हणून आहे. कंपनीतून आली तशी करायची तर टायर कुठला घेऊ आणि डिस्कला रंग कुठला देऊ? गॅरेजवाले म्हणतात, याच डिस्कवर ट्यूबलेस चढवा.
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : पाचही डिस्क जपल्यात, हे फार मोठं काम झालं. तुमची गाडी कुर्ल्याला ज्या प्रीमियर कारखान्यात जुळली, तो काढणारे वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरचे. इथे कुणी फियाट मूळ रूपात आणतोय म्हटलं की मला मनापासून आनंद होतो.

टायरचं उत्तर सोपं आहे : 5.20-14. रुंदी सव्वापाच इंचांच्या आसपास, रिम 14 इंचांची, आणि मधली आडवी रेघ म्हणजे हल्लीचा, आतले धागे सरळ आडवे असलेला रेडियल नव्हे, तर तिरक्या धाग्यांचा, आपण ज्याला नायलॉन टायर म्हणतो तो. आताचे रुंद टायर रस्त्याला जास्त टेकतात. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे नव्या पेठेत गाडी वळवताना हात भरून येत असणार. शिवाय चाकाचा घेर लहान झाला, की काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो.

ट्यूबलेस मात्र नको. त्या काळच्या रिमला टायरची कड जागेवर धरून ठेवणारा उंचवटा नसतो. हवा कमी झालेली असताना वळणावर कड सुटली तर टायर एकदम बसतो. ट्यूबच घाला, तीही नवी. दोन रेडियल आणि दोन नायलॉन अशी भेसळही करू नका, ब्रेक मारताना गाडी भलतीकडे जाते.

रंगाचं मी इथून सांगणार नाही, ते तुमची स्टेपनी सांगेल. डिकीतल्या डिस्कला ऊन कमी लागतं आणि रंगाचे हातही कमी बसतात. टायर उतरवा, व्हील कॅपखालचा आणि ट्यूबखालचा भाग नुसता पुसून बघा. मग रुपयाएवढ्या जागेवर बारीक पॉलिश पेपर पाणी लावून फिरवा. एकेक थर गोल कड्यांसारखा उघडतो. प्रायमरला लागून असलेला थर तो कारखान्याचा. पाचही डिस्कवर तोच निघाला तर शंका उरत नाही. घरात गाडीच्या पूजेचा फोटो असेल तर तोही काढा. पण पांढऱ्या पट्ट्याचे टायर दिसले म्हणून भुलू नका, असे पट्टे हौसेने नंतरही लावले जायचे.

पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून बसवलेला पावडरीचा रंग, करून घेऊ नका. नट आवळतो तिथे जाड थर दबतो आणि नट ढिला पडतो. साधा स्प्रेचा रंग द्या. त्याआधी डिस्क फिरवून वाकडी नाही ना, भोकांपाशी चीर नाही ना, हे बघून घ्या.

दुकानात टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा : 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. या मापाला गिऱ्हाईक कमी, त्यामुळे माल पडून राहतो, आणि पडून राहिलेलं रबर तडकतं. नायलॉन टायर एका जागी उभा राहिला की खालून चपटा होतो, सकाळी पहिले काही मिनिटं गाडी धडधडते. टायर तापला की ते थांबतं, घाबरू नका. पण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात गाडी उघड्यावर महिनाभर तशीच ठेवू नका. सावलीत लावा आणि आठवड्याला थोडी पुढेमागे करा.