बाळ बोलत नाही म्हणून थांबू नकोस

अगं, "त्याचे बाबाही चार वर्षांनी बोलले" हे वाक्य मीही वर्षभर ऐकत बसले होते. ते वर्ष गेलं याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून तुला स्पष्ट सांगते. दोन वर्षांच्या मुलाने साधारण पन्नासेक शब्द बोलावेत आणि "पाणी दे", "बाबा गेले" असे दोन शब्द जोडावेत. तुझा लेक अजून बोट दाखवूनच मागत असेल, तर तिसऱ्या वाढदिवसाची वाट पाहू नकोस.

सगळ्यात आधी कान तपास. "टाळी वाजवली की वळतो, म्हणजे ऐकू येतं" हा मोठा गैरसमज. काही मुलांना टाळी, दाराचा आवाज ऐकू येतो, पण 'स', 'श' सारखे बारीक आवाज निसटतात. बेरा ही ऐकू येतं का ते तपासणारी चाचणी बाळ झोपेत असतानाही होते, दुखत नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत वाचा आणि श्रवण या दोन्हींची तपासणी होते.

जीभ चिकटलेली असली तर एखाददुसरा उच्चार अडू शकतो, पण बोलणंच उशिरा सुरू होण्याचं कारण सहसा ते नसतं. घरात मराठी आणि हिंदी दोन्ही बोलता म्हणून तो गोंधळलाय, असंही नाही. मराठी बंद करू नकोस. वेखंड-मध चाटवणं मात्र थांबव, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध अजिबात नको.

मोबाईल बाजूला ठेवून आंघोळीच्या वेळी त्याच्याशी बोल. त्याला उत्तर द्यायला दहा सेकंद दे.