लिनक्स लॅपटॉप झोपेतून उठला की दरवेळी पासवर्ड मागतो. हे बंद करता येतं का, आणि करावं का?

करता येतं. आणि तुम्ही लिहिलंय तसं असेल, म्हणजे मिंट (लिनक्सचा एक प्रकार), लॅपटॉप घरातच, दिवसातून दहा-पंधरा वेळा झाकण बंद-उघड, तर बिनधास्त करा. आता चार जण तुम्हाला सांगतील की हा सुरक्षेचा प्रश्न आहे, पासवर्ड काढायचा नसतो. आमच्या घरीही हेच सांगितलं गेलं होतं. त्याचं काय झालं ते मला सांगायचंय.

आधी सेटिंग. मिंटच्या सिनॅमनमध्ये (मिंटचा नेहमीचा डेस्कटॉप) सिस्टिम सेटिंग्जमधून स्क्रीनसेव्हर उघडा. संगणक झोपला की लॉक आणि स्क्रीनसेव्हर सुरू झाला की लॉक, अशी दोन वेगळी बटणं आहेत. दोन्ही बंद करा. बरेच जण एकच बंद करतात आणि मग म्हणतात, होतच नाही. उबुंटूत (लिनक्सचाच दुसरा प्रकार) हीच जोडी सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीखाली स्क्रीन लॉकमध्ये मिळेल. केडीई आणि एक्सएफसीई हे लिनक्सचे आणखी दोन डेस्कटॉप. केडीईवाल्यांनी स्क्रीन लॉकिंगमध्ये जाऊन झोपेतून उठल्यावर लॉक करायची खूण काढायची. एक्सएफसीई असेल तर पॉवर मॅनेजरमध्ये सिक्युरिटीचा भाग बघा.

आता आईचं सांगते. आई वाईला एकटी असते, मी साताऱ्यात, दादा पुण्याला आयटीत. आईला जात्यावरच्या ओव्या उतरवून ठेवायच्या होत्या. तिच्या आईच्या, मावश्यांच्या, गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या. आधी वह्यांत लिहायची, पण बोटांच्या सांध्यांना सूज यायला लागली आणि पेन धरवेना. कळ दाबणं त्यापेक्षा सोपं, म्हणून दादाने दिवाळीत त्याचा जुना लॅपटॉप आणून दिला, मिंट टाकून. मराठीसाठी इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड लावून दिला आणि सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) आणि स्पेस एकत्र, म्हणजे सुपर-स्पेस, दाबलं की इंग्रजी-मराठी बदलतं हे शिकवलं. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, ही रचना आईला आठवड्यात जमली. बाराखडी जन्मभर शिकवलेली बाई ती, प्राथमिक शाळेत तीस वर्षं. सगळं चांगलं लावलं होतं दादाने, हे मी मान्य करते.

फक्त झाकण उघडलं की पासवर्ड. मी तेव्हाच म्हटलं, "दादा, कशाला? घरात ती एकटी." तो म्हणाला, "बेसिक गोष्ट आहे. सवय लागेल तिला."

आई दिवसभर सलग बसून लिहीत नाही. दोन ओव्या झाल्या की कुकरची शिट्टी, मग दूधवाला, मग शेजारची कुणी. उठताना ती झाकण लावते. परत आली की पासवर्ड. कधी तो बरोबर यायचा, कधी चूक म्हणायचा. तोच शब्द, तीच बोटं. पाच-सहा वेळा चूक आला की ती पॉवरचं बटण दाबून धरायची. यंत्र नव्याने सुरू झालं की तोच पासवर्ड पहिल्या फटक्यात चालायचा, पण शेवटच्या चार-सहा ओळी गेलेल्या असायच्या. लिबरऑफिस, म्हणजे ती ज्यात लिहिते ते सॉफ्टवेअर, आपणहून दर दहा मिनिटांनी जपून ठेवतं, त्याच्या मधलं जातं.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. फोनवर विचारलं की म्हणायची, "चाललंय हळूहळू." संक्रांतीला गेले तर लॅपटॉपवर घडी घालून टॉवेल ठेवलेला आणि वही परत बाहेर. वहीतलं अक्षर इतकं वेडंवाकडं की ते आईचं आहे हे ओळखू येईना. मी म्हटलं, मशीन बिघडलं का? तर म्हणाली, "मशीन नाही गं बिघडलं. मीच."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. माझी आजी शेवटची तीन वर्षं कुणालाच ओळखत नव्हती, आईलासुद्धा नाही. आईने तिचं सगळं केलंय. त्यामुळे रोजचा शब्द टाकून यंत्र "चूक" म्हणतंय, म्हटल्यावर तिने एकच अर्थ लावला. वहीच्या शेवटच्या पानावर तारखा मांडल्या होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे फुल्या, त्या दिवशी किती वेळा चुकलं त्याच्या. रात्री झोपण्यापूर्वी ती गॅसचा ग्राहक क्रमांक, आमचे दोघांचे मोबाइल नंबर, मनाचे श्लोक असं पाठ म्हणून बघायची. डॉक्टरांकडेही जाऊन आली होती, एकटी, आम्हाला न सांगता. ते म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे. तिचा विश्वास बसला नाही, कारण दुसऱ्या दिवशी यंत्राने पुन्हा चूक म्हटलं.

मी तिला समोर बसवलं आणि म्हटलं, टाक. तिने टाकला. चूक. मी टाकला. चूक. मग पासवर्डच्या चौकटीशेजारचं बारीकसं भाषेचं चिन्ह दिसलं. कीबोर्ड मराठीवर होता.

आई मराठीत लिहिता लिहिता झाकण लावून उठायची, तेव्हा लॉकच्या पडद्यावरही मराठीच कीबोर्ड राहायचा. तिचा पासवर्ड (आता बदललाय म्हणून सांगते) तुळस हा शब्द, इंग्रजी अक्षरांत, टी यू एल ए एस. इनस्क्रिप्टवर त्या पाच कळांचं काय होतं? टीचा दीर्घ ऊकार, यूचा ह, एलचा त, एचा ओकार, एसची मात्रा. पण पडद्यावर दिसतात फक्त पाच ठिपके, आणि ठिपक्यांना लिपी नसते. अधूनमधून चालायचा तो याच कारणाने, की त्या वेळी ती यूट्यूबवर काहीतरी शोधून उठलेली असायची आणि कीबोर्ड इंग्रजीवर असायचा. नव्याने सुरू केल्यावर आमच्या लॅपटॉपवर पहिली भाषा इंग्रजी, म्हणून तेव्हाही चालायचा.

मी तिला कागदावर ती पाच चिन्हं लिहून दाखवली. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितली, एकेका कळेवर बोट ठेवून पडताळली. मग म्हणाली, "म्हणजे मी बरोबरच टाकत होते." हे तिने तीनदा म्हटलं. मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

लॉकचं ते बटण मी त्याच संध्याकाळी बंद केलं. दादाला फोन केला तर पहिलं वाक्य काय, "चोरी झाली तर?" अरे, पासवर्ड चोराला अडवायला असतो हे मलाही कळतं. पण या तीन महिन्यांत तिथे चोर एकदाही आला नाही, आई मात्र रोज दारात उभी होती. कुठलंही कुलूप लावण्याआधी घरात कोण राहतं, कोण येतं-जातं ते बघायचं असतं. कुणी कधीतरी सांगितलं म्हणून सगळीकडे एकसारखं कुलूप ठोकणं याला मी सुरक्षा म्हणत नाही, तो आळस आहे.

तुम्हाला लॉक ठेवायचाच असेल आणि तुम्हीही मराठीत टंकत असाल, तर झाकण लावण्याआधी सुपर-स्पेस दाबून इंग्रजीवर या. किंवा पासवर्ड चूक आला की आधी ते चिन्ह बघा, डोक्यावर संशय नंतर घ्या.

काही गोष्टी राहिल्या, त्या मात्र नीट वाचा. झोपेतून उठल्यावरचा पासवर्ड काढलात म्हणजे सगळे पासवर्ड गेले असं नाही. सुरू करतानाचा वेगळा, तो राहू द्या. आईचाही ठेवलाय. तो काढून आपोआप लॉगिन लावलंत तर कीरिंग (साठवलेले पासवर्ड ठेवायची लिनक्सची कुलूपबंद पेटी) बंद राहते आणि क्रोमसारखा ब्राउझर उघडला की ती पासवर्ड मागते, म्हणजे त्रास तिथून निघून इथे येतो. सॉफ्टवेअर टाकताना मागतो तोही तसाच राहतो. दुसरं, डिस्क एन्क्रिप्ट केलेली (किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी) असली तरी झोपलेल्या लॅपटॉपची किल्ली मेमरीतच असते. झोपेतच कुणी उचलून नेला आणि लॉक नसेल तर त्या एन्क्रिप्शनचा काडीचा उपयोग नाही. तेव्हा बाहेर नेताना, एसटीत, रेल्वेत, झाकण लावून नेऊ नका, पूर्ण बंद करून न्या. फायरफॉक्समध्ये बँकेबिंकेचे पासवर्ड साठवले असतील तर त्याला प्रायमरी पासवर्ड (त्या साठवलेल्या सगळ्यांवरचा एक पासवर्ड) लावा. ऑफिसचा लॅपटॉप असेल, हॉस्टेलवर राहत असाल, घरात पेइंग गेस्ट असतील, तर वरचं सगळं विसरा आणि लॉक ठेवा. बोटाच्या ठशाचा सेन्सर असेल आणि लिनक्सला तो ओळखता येत असेल तर तोही चांगला मार्ग आहे. आईच्या लॅपटॉपला नव्हता, आणि तिच्या बोटांचे ठसे आधारलासुद्धा नीट उमटत नाहीत.

दादा गणपतीत आला तेव्हा त्याने बटण पुन्हा चालू केलं होतं. मी पुन्हा बंद केलं आणि कुठे असतं ते आईला दाखवून ठेवलं. तो अजून म्हणतो की चूक कीबोर्डची होती, लॉकची नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आईवडिलांना लॅपटॉप लावून देताना एकदा त्यांच्या खुर्चीत बसा, मराठीत चार ओळी लिहा, झाकण लावा, उघडा आणि पासवर्ड टाकून बघा. दोन मिनिटं लागतात. त्याने तेवढं केलं असतं तर आई डॉक्टरांकडे गेली नसती.