गाइडबुक जाड घ्यावं की पातळ?

प्रश्न : आम्ही तिघे विद्यार्थी इनडोअर भिंतीवर व्ही २ ग्रेडपर्यंत चढतो (व्हीपुढचा आकडा वाढेल तशी चढाई अवघड). आता बाहेर खडकावर बोल्डरिंग (दोराशिवाय, कमी उंचीची चढाई) करायचंय. सगळ्या प्रॉब्लेम्सचं (म्हणजे चढाईच्या छोट्या वाटांचं) महागडं गाइडबुक घ्यावं, की निवडक प्रॉब्लेम्सचं पातळ?

उत्तर : पानं नव्हे, तुमच्या ग्रेडचे प्रॉब्लेम मोजा. व्ही ० ते व्ही २ चे पन्नासेक असतील, तर पातळ पुस्तक भरपूर झालं. (बाहेर ग्रेड बहुधा कडकच लागतात, व्ही ० ला नाक मुरडू नका.) फॉन्ट पद्धतीचं (ग्रेड देण्याची दुसरी, फ्रान्समधली पद्धत) पुस्तक असेल, तर ७ए म्हणजे साधारण व्ही ६.

मग कोणतंही एक पान उघडा. फोटोवर चढायची वाट दाखवणारी रेघ आहे? सुरुवात बसून की उभ्याने, ते लिहिलंय? सुरुवात चुकली की ग्रेडला अर्थच उरत नाही. लँडिंग (पडलात तर खालची जागा कशी आहे) आणि उतरायची वाट तर हवीच, नाहीतर माथ्यावर पोचून अडकाल.

जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तर बिनधास्त घ्या. खडक तोच असतो. मात्र पकडी तुटतात, प्रवेशाचे नियम बदलतात, पक्ष्यांच्या विणीच्या काळात काही भाग बंद असतात. तेवढं तिथल्या क्लाइंबर्सना विचारून समासात पेन्सिलीने टिपा. तिघांत एकच प्रत पुरे, उरलेले पैसे क्रॅश पॅडला (पडल्यावर झेलणारी जाड गादी).