‘पिष्टन’ म्हणणारा चुकत नाही

ऐरोलीहून प्रश्न आलाय. ‘बॉक्सर इंजिन’ला मराठीत ‘सपाट इंजिन’ म्हटलं तर चालेल का, ते व्ही इंजिनापेक्षा वेगळं कसं, आणि पिस्टनला, म्हणजे सिलिंडरच्या नळीत पुढेमागे सरकणाऱ्या भागाला, गॅरेजवाले ‘पिष्टन’ म्हणतात तो अपभ्रंश टाकून ‘दट्ट्या’ हा शुद्ध शब्द आपण का वापरत नाही?

आधी बॉक्सरचं उरकतो, कारण या शब्दानं डोकं उठवलंय. ठाण्यात बॉक्सर म्हटलं की निम्म्या लोकांना बजाजची शंभर सीसीची जुनी बाइक आठवते. ती एका सिलिंडरची. एका हातानं बॉक्सिंग कोण खेळतं? ते विक्रीसाठी ठेवलेलं नाव, इंजिनाच्या मांडणीशी त्याचा काडीचा संबंध नाही. उरलेले निम्मे व्हिडिओ बघून शहाणे झालेले. सिलिंडर आडवे दिसले की यांचा बॉक्सर! मग स्कूटरचं एकुलतं एक सिलिंडरसुद्धा जवळजवळ आडवंच असतं, तिलाही म्हणा.

सिलिंडर एका ओळीत उभे असले की इनलाइन. मारुती ८०० तशी, तीन सिलिंडर, ७९६ सीसी. दोन ओळी कोनात आणि खाली क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो वाकडा दांडा, एकच, की झाली व्ही. कल्याणच्या रेल्वे शेडमधली जुनी अल्को डिझेल इंजिनं १६ सिलिंडरची व्हीच. यात समजावण्यासारखं काही नाही. गंमत पुढे आहे. व्हीचा कोन फाकवत फाकवत १८० अंशांवर नेला की दोन्ही ओळी आडव्या पडतात. इंजिन सपाट झालं, पण बॉक्सर झालं नाही. कारण व्हीमध्ये समोरासमोरचे दोन पिस्टन क्रँकच्या एकाच पिनेवर, म्हणजे पिस्टनचा दांडा जोडायच्या खुंटीवर, बसलेले असतात. एक बाहेर निघाला की दुसरा आत येतो, दोघांची दिशा एकच. बॉक्सरमध्ये प्रत्येकाला आपापली पिन, तीही बरोबर उलट बाजूला. त्यामुळे दोघे एकदम बाहेर जातात आणि एकदम आत येतात. लढतीआधी मुष्टियोद्धा हातमोजे घालून आपल्याच दोन मुठी एकमेकींवर आपटतो ना, नाव त्यावरून पडलंय. एकाचा हिसका दुसरा मारतो, म्हणून इंजिन कमी थरथरतं.

कार्ल बेन्झनं १८९६ मध्ये ही मांडणी केली तेव्हा तिचं नाव ‘कॉन्ट्रा’ होतं, ते मला जास्त आवडतं. बीएमडब्ल्यूची १९२३ची आर ३२, फोक्सवागनची बीटल, सुबारूच्या गाड्या, हे खरे बॉक्सर. फेरारीनं १९७३ मध्ये ‘३६५ जीटी४ बीबी’ आणली. त्यातलं बीबी म्हणजे ‘बर्लिनेत्ता बॉक्सर’, आणि आत १२ पिस्टनना पिना सहाच! म्हणजे १८० अंशांची व्ही. फेरारीचा दाखला घेऊन वाद घालायला येणाऱ्यांनी आधी पिना मोजाव्यात. तेव्हा ‘सपाट’ म्हणा, खुशाल म्हणा, पण ते दोघांचं मिळून आडनाव आहे. बॉक्सर सपाट असतोच, सपाट असेल तो बॉक्सर असेलच असं नाही.

आता ‘दट्ट्या’. विश्वकोशात तो आहे, पाण्याच्या पंपाच्या वर्णनात शोभतोही. पिचकारीच्या दांड्याला लावा, माझी हरकत नाही. पण जो दाटून बसतो तो दट्ट्या. इंजिनातला पिस्टन दाटून बसलेला नसतो. त्याच्या आणि सिलिंडरच्या भिंतीमध्ये मिलिमीटरचे काही शतांश एवढी फट मुद्दाम ठेवतात, ती बुजवायचं काम पिस्टनवरच्या रिंगांचं. ही फट राखायची म्हणून तर वागळे इस्टेटमधला बोअरिंगवाला आधी गिऱ्हाइकाचा नवा पिस्टन मोजतो, मग सिलिंडर तासतो. ‘पंचवीस टाकू की पन्नास?’ असं विचारतो, म्हणजे मूळ मापाहून पाव मिलिमीटर मोठा की अर्धा. बऱ्याच बाइकच्या पिस्टनच्या माथ्यावर एक बाण कोरलेला असतो, तो सायलेन्सरच्या बाजूला करून बसवायचा. एवढी नाजूक वस्तू! ती खरोखर दाटून बसली तर त्याला आपण इंजिन जाम झालं म्हणतो आणि पाकीट काढतो. माझे एक परिभाषाप्रेमी स्नेही ‘दट्ट्या’साठी दर वेळी भांडतात. त्यांनी आयुष्यात पाना हातात धरलेला नाही, आणि ते त्यांच्या शब्दातून दिसतं.

मग ‘पिस्टन’ परका का? फ्रेंचांनी तो इटालियन ‘पिस्तोने’वरून घेतला. ‘पिस्तोने’ म्हणजे मोठा बत्ता, मुसळच म्हणा. त्यामागे ‘पेस्तारे’, कुटणे. हिरानंदानीतल्या हॉटेलांत हिरवा पेस्टो सॉस मिळतो तोही इथलाच, खलात कुटलेला म्हणून पेस्टो. त्याहून मागे गेलं की लॅटिन ‘पिन्सेरे’, आणि त्याचा सख्खा भाऊ संस्कृत ‘पिष्’, पिनष्टि. पिष्ट म्हणजे कुटलेलं, दळलेलं. पिष्टाचं झालं पीठ. म्हणजे आपलं पीठ, पिठी, पिठलं, शाळेच्या पुस्तकातले पिष्टमय पदार्थ, आणि तुमच्या बाइकमधला पिस्टन, सगळे एका कुळातले. पिठलं आणि पिस्टन चुलत भावंडं आहेत हे कळल्यापासून मी ते भेटेल त्याला सांगतो.

इथे लगेच व्हॉट्सॲप विद्यापीठाचे कुलगुरू उठतील: पाहा, इंजिन संस्कृतातून आलं! नाही हो. भाऊ म्हटलं, बाप नाही. दोन्ही शब्द एका जुन्या, न लिहिलेल्या भाषेतून आपापल्या वाटेनं आले. पिस्टन युरोपच्या वाटेनं फिरून परत भेटला, इतकंच.

पण माझा खरा आनंद गॅरेजमध्ये आहे. आपल्याकडे जिभेला ‘स्ट’पेक्षा ‘ष्ट’ सोपा जातो. ष्टँड, पोष्ट, माष्टर, लिष्ट. शिकलेले हसतात. आता संस्कृतात बघा. ‘लता’चं सप्तमीचं अनेकवचन लतासु, पण ‘अग्नि’चं अग्निषु, ‘भानु’चं भानुषु. आधी इ किंवा उ आला की ‘स’चा ‘ष’ होतो. लॅटिनमध्ये ‘पिस्’ राहिलं आणि संस्कृतात ‘पिष्’ झालं ते याच नियमानं. आणि तुर्भ्याचा मेकॅनिक करतो काय? ‘पिस्टन’मधल्या इ-नंतरच्या ‘स’चा ‘ष’ करतो! त्याला व्याकरण ठाऊक नाही, तो आपल्या सवयीनं बोलतो, ‘ष्टँड’मध्ये इ नसतानाही ‘ष’ करतो, हे सगळं मला मान्य. तरी फिरून आलेल्या भावाला त्यानं घरचं रूप दिलं, हे मी सोडणार नाही. ‘पिष्टन’ला अपभ्रंश म्हणणाऱ्यानं आधी ‘पिष्टपेषण’ हा शब्द मोठ्यानं उच्चारून दाखवावा.

कुणी म्हणेल, इंजिनात कुटलं कुठे जातं, तिथे तर वायूच पिस्टनला ढकलतो. बरोबर. पण हालचाल मुसळाचीच की. साध्या चार सिलिंडरच्या इनलाइन इंजिनात १ आणि ४ वर असतात तेव्हा २ आणि ३ खाली, आणि स्फोट १-३-४-२ अशा क्रमानं होतात. उखळावर दोघीजणी आळीपाळीनं कांडतात तेव्हा एकीचं मुसळ वर असताना दुसरीचं खाली, ती लय इथे भेटते. म्हणून मराठी शब्दच हवा असेल तर ‘मुसळ’ घ्या, अशी माझी सूचना आहे. ती कुठलंही मंडळ मान्य करणार नाही, कारण त्यात जोडाक्षर नाही.

‘सिलिंडर’बद्दल विचारलेलं नाही, तरी सांगतो. ग्रीक ‘किलिंद्रोस’, म्हणजे गडगडणारा, रूळ. मोटारीच्या इंजिनात न हलणारी वस्तू हीच, आणि नाव तिचं गडगड्या! १९०९च्या सुमाराच्या ‘नोम’सारख्या विमान-इंजिनांत मात्र क्रँक स्थिर असायची आणि सगळे सिलिंडर पंख्यासकट तिच्याभोवती गरगरायचे. शब्दाला जागलेलं घराणं ते. आपल्या भूमितीच्या पुस्तकात सिलिंडरला ‘वृत्तचिती’ म्हणतात. चिती म्हणजे रचलेला ढीग. यज्ञासाठी विटा रचत ती चिती, चिता त्याच धातूतली. आत आग पेटते म्हणून इंजिनाला शब्द चपखल बसतो, असं त्या स्नेह्यांचं म्हणणं. त्यांनी एकदा वागळे इस्टेटमध्ये जाऊन ‘माझी वृत्तचिती रिबोर करून द्या’ असं म्हणून दाखवावं.