उत्तर: एका कमेंटमुळे सरकारी नोकरी जाते का (लांब आहे, अनुभवातून लिहितेय)

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच उडाली. भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक, सुट्टीच्या दिवशी घरून स्वतःच्या मोबाईलवरून फेसबुकवर एका समाजाच्या मुलींच्या शिक्षणावर घाण कमेंट, दुसऱ्या दिवशी स्क्रीनशॉट गावभर, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे निवेदन आणि आता हातात कारणे दाखवा नोटीस. खाली प्रतिसादांत अर्धे म्हणतायत हाकला त्याला, अर्धे म्हणतायत ड्युटी संपल्यावर माणूस काय बोलतो त्याच्याशी सरकारला काय करायचंय. या दोन्ही पार्ट्यांतल्या कुणाला निलंबनाचा अनुभव नसावा असं वाटतंय, म्हणून लिहायला बसले.

आधीच सांगते, मी वकील नाही. राज्य सरकारच्या एका खात्यात वरिष्ठ लिपिक आहे, खातं आणि जिल्हा सांगणार नाही कारण अजून नोकरीत आहे आणि २८ जुलै २०२५ चा सोशल मीडियाचा जीआर मी पण वाचलाय, तुमच्या भावाला मदत करायला जाऊन मलाच नोटीस यायची. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्यायचं, साहेबांना फोन करून ते मिटत नसतं, हे तुम्हाला माहीत असेलच, त्यात वेळ घालवत नाही.

माझं प्रकरण सातव्या वेतन आयोगाच्या आधीचं. आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेअकराला मिरवणुकीच्या डीजेवरून वाद झाला, सासूबाई हार्ट पेशंट, खिडक्यांच्या काचा हादरत होत्या. मी आधी दोनदा नीट लिहिलं होतं की आवाज कमी करा. तिसऱ्यांदा जे लिहिलं ते इथे परत लिहिणार नाही, मंडळाच्या पोरांना आणि त्यांना पैसे देणाऱ्या पुढाऱ्याला उद्देशून होतं आणि शोभणारं नव्हतं. धर्माबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. पण निवेदनात आलं "धार्मिक भावना दुखावल्या", शिष्टमंडळ ऑफिसात येऊन घोषणा देऊन गेलं आणि संध्याकाळी निलंबनाचा आदेश. "प्रकरणाचे गांभीर्य पाहता" एवढंच कारण. बाई असून अशी भाषा, हे ऐकावं लागलं ते वेगळंच, तेच वाक्य एखाद्या पुरुष लिपिकाने लिहिलं असतं तर साहेबांनी केबिनमध्ये झापून सोडलं असतं याची मला आजही खात्री आहे.

आता लोक घाबरतात बडतर्फीला, पण ती सहजासहजी होत नाही. राज्य कर्मचाऱ्याला घटनेच्या कलम ३११ चं संरक्षण आहे, आरोप सांगून, बाजू मांडायची संधी देऊन चौकशी केल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही, अपवाद आहेत पण ते फार मोजके. तुमच्या भावाला जिल्हा परिषदेचे १९६४ चे शिस्त आणि अपील नियम लागतील, त्यातही मोठ्या शिक्षेआधी चौकशी आहेच. खरा मार निलंबनाचा असतो. कागदावर ती शिक्षा नाही. प्रत्यक्षात चौकशी सुरू व्हायच्या आधीच माणूस आणि त्याचं घर दोन्ही सोलून निघतं, आणि ते करायला साहेबाला एक सही पुरते.

मला सगळ्यात महाग पडलं ते एक ऑफिस. नाव घेत नाही. निलंबनात माझं मुख्यालय, म्हणजे त्या काळात राहायचं ठिकाण, दुसऱ्या तालुक्यात ठरवलं होतं. निर्वाह भत्त्यासाठी, म्हणजे निलंबनात पगाराऐवजी मिळतो त्यासाठी, दर महिन्याला लिहून द्यावं लागतं की मी दुसरीकडे कुठे नोकरीधंदा करत नाही. मी ते मुख्यालयाच्या ऑफिसात दिलं तर ते म्हणाले भत्ता तुमच्या मूळ कार्यालयातून निघेल, तिकडे द्या. मूळ कार्यालयाची आस्थापना (कर्मचाऱ्यांचे कागद बघणारी शाखा) म्हणाली मुख्यालयामार्फत आल्याशिवाय स्वीकारता येत नाही. बारनिशीतला (आवक-जावक टेबलवरचा) माणूस कागद हातात घेऊन वाचायचा आणि परत द्यायचा, शिक्का नाही, पोच नाही. का तर "साहेबांनी तुमचं काही घेऊ नका सांगितलंय". म्हणजे मी अर्ज केलाच नाही अशी नस्ती (फाइल) तयार होत होती! पहिले तीन महिने अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका भत्ता मिळतो, नंतर विलंब आपल्यामुळे झाला नसेल तर तो निम्म्याने वाढवता येतो. मला पहिलाच मिळत नव्हता तर वाढीव कुठला. मुलाची फी भावाने भरली.

आणि तो स्क्रीनशॉट. दोषारोपपत्र आलं, चार जोडपत्रं व्यवस्थित, तिसऱ्या जोडपत्रात कागदपत्रांची यादी, यादीत "व्हॉट्सॲप संदेशाची छायांकित प्रत" आणि ती प्रतच सोबत नाही. मागितली तर आस्थापना म्हणते चौकशी अधिकाऱ्यांकडे आहे, चौकशी अधिकारी म्हणतात सादरकर्ता अधिकाऱ्यांकडे (चौकशीत खात्याची बाजू मांडणारे), सादरकर्ता अधिकारी म्हणतात मला अजून नेमणुकीचं पत्रच नाही. माहिती अधिकार टाकला तर चौकशीत अडथळा येईल म्हणून नकार. अहो, चौकशी माझीच, पुरावा माझ्याच विरुद्धचा! शेवटी सुनावणीत बघायला मिळाली तेव्हा कळलं की वरचे माझे दोन्ही साधे मेसेज कापलेले, ग्रुपचं नाव कापलेलं, वेळ अर्धी दिसतेय. कुणी काढला, कुठल्या फोनवर, काही नाही. बचाव सहायक म्हणून एक रिटायर्ड नायब तहसीलदार काका मिळाले होते, देवमाणूस, त्यांनी फक्त पूर्ण संभाषणाची प्रिंट पुढे ठेवली आणि तक्रारदाराला विचारलं की मधले मेसेज कुठे गेले. त्या दिवशी केसची हवा गेली.

म्हणून तुम्हाला पहिली गोष्ट ही सांगते, भावाला अकाउंट डिलीट करू देऊ नका. कमेंट काढायची असेल तर काढा, ठेवून उगाच आग वाढवण्यात अर्थ नाही, पण त्याआधी पूर्ण थ्रेड, वरची पोस्ट, आधीच्यांच्या कमेंट, तारीख, वेळ, लिंक सगळं सेव्ह करा. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र त्यात कलम ६३ मध्ये आहे, आधी ६५ ब म्हणायचे ते. खात्याच्या चौकशीत पुरावा कायदा तंतोतंत लागत नाही, पण स्क्रीनशॉट कुणी काढला हा प्रश्न लेखी विचारून ठेवा. आणि कुठलाही कागद बारनिशीत घेत नसतील तर भांडत बसू नका, त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा आणि ऑफिसच्या ईमेलवर पण टाका.

दुसरं, निलंबन झालंच तर सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा अजय कुमार चौधरी निकाल अर्जात लिहा, तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालू ठेवू नये असं त्यात आहे. राज्य सरकारने त्यावर ९ जुलै २०१९ ला जीआर काढला, माझ्या वेळी तो नव्हता. राज्य कर्मचारी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जाऊ शकतो, मी तिथेच ओए (मूळ अर्ज) टाकला होता. जिल्हा परिषदेचा कर्मचारी मॅटमध्ये जात नाही, त्याला विभागीय आयुक्तांकडे अपील आणि मग हायकोर्ट. इथे वर एकाने मॅटचा सल्ला दिलाय तो तुमच्यासाठी चुकीचा आहे. पोलिसात गुन्हा दाखल झाला, विशेषतः ॲट्रॉसिटीचा, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी चांगला फौजदारी वकील गाठा. ४८ तासांच्या वर कोठडी झाली की निलंबन झालंच असं धरलं जातं.

आता मूळ प्रश्न, नोकरी जावी का. माझं मत बऱ्याच जणांना आवडणार नाही.

सरकारी माणूस झाला म्हणून तोंडाला कायमचं कुलूप, हे मला मान्य नाही आणि कोर्टांनाही तसं वाटत नाही. १९६२ च्या कामेश्वर प्रसाद प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नोकरीत शिरताना मूलभूत हक्क दारात ठेवून यावे लागत नाहीत. जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा हायकोर्टाने एका महिला कर्मचाऱ्याची चौकशीच रद्द केली, राजकीय सभेला हजर राहिली आणि फेसबुकवर लिहिलं म्हणून तिला रिटायरमेंटच्या चार दिवस आधी निलंबित केलं होतं. चार दिवस! कुणीतरी सही करताना कॅलेंडर बघितलं असणारच.

पण ते राजकीय मत होतं. माणसांच्या एका गटाला शिव्या घालणं वेगळं. आमच्या वागणुकीच्या १९७९ च्या नियमांत नियम ३ आहे, कर्मचाऱ्याला अशोभनीय असं काही करायचं नाही. आता अशोभनीय काय हे ठरवणार कोण? माझा अनुभव सांगतो की ते शिष्टमंडळात किती माणसं आली त्यावर ठरतं. ज्या समाजाकडे चाळीस माणसं आणि एक नगरसेवक आहे त्याच्या भावना तासाभरात दुखावतात, ज्यांच्याकडे कुणी नाही त्यांच्याबद्दल आमच्याच ऑफिसच्या ग्रुपवर रोज जे फॉरवर्ड फिरतं त्यावर कुणी एक ओळीचं ज्ञापन काढलेलं मी बघितलं नाही. २०२५ चा जीआर पण तसाच, सरकारी धोरणावर टीका करू नका आणि द्वेष पसरवणारा, भेदभाव करणारा मजकूर टाकू नका, दोन्ही एकाच कागदात शेजारी शेजारी. माझ्या मते पहिल्यात नागरिकाचा आवाज दाबला जातो आणि दुसऱ्यात नागरिकाचं रक्षण होतं. जोडीला गणवेशात रील करू नका, सरकारी गाडीचा फोटो टाकू नका. ते ठीक आहे, त्याला माझा विरोध नाही, काही जणांच्या रील बघून खरंच कीव येते.

माझ्या वकिलांनी अमेरिकेतली एक केस सांगितली होती, रँकिन विरुद्ध मॅकफर्सन, १९८७. टेक्सासमध्ये एका कॉन्स्टेबलच्या (तिथे तो निवडून आलेला अधिकारी असतो, आपल्याकडचा शिपाई नव्हे) ऑफिसात काम करणारी मुलगी, अध्यक्ष रेगनवर गोळी झाडल्याची बातमी ऐकून सहकाऱ्याला म्हणाली की परत कुणी गेला त्यांच्या मागे तर या वेळी गाठू दे. तिला काढलं. सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चारने तिच्या बाजूने निकाल दिला, आणि ती तर ऑफिसात बसून बोलली होती. कोर्टाने बघितलं काय, तर तिचं काम. पदाचं नाव मोठं असलं तरी ती टायपिंग करायची, तिच्या हातात कुणावर चालवायचा अधिकार नव्हता, लोकांशी संबंध येत नव्हता. ती केस आपल्याला लागू नाही, पण कसोटी मला पटली. शब्द किती घाण आहेत याच्याआधी बघायचं की ज्यांच्याबद्दल बोलला ती माणसं उद्या त्याच्याच टेबलासमोर उभी राहणार आहेत का.

माझ्या टेबलाशी डीजेवाल्या पोरांचं काही काम नव्हतं. तुमच्या भावाच्या वर्गात मात्र त्याच समाजाच्या मुली बसतात, तुम्हीच पोस्टमध्ये लिहिलंय. म्हणून ताई, राग मानू नका, पण "ड्युटीवर नव्हता" हा बचाव त्याने उत्तरात मुख्य म्हणून घेऊ नये. तो टिकणारा नाही, आणि टिकू नये असंच मला वाटतं. त्या मुलींच्या आईने निवेदनावर सही केली असेल तर तिच्या जागी मीही केली असती.

तरीही बडतर्फी? नाही. एका कमेंटवरून नाही. चौकशी व्हावी, आणि ती वर्गाची व्हावी. त्या मुलींना तो मागे बसवतो का, शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेत भरतो का, हजेरी घेताना टोमणे मारतो का, पालकांना विचारावं. तसं सापडलं तर काढून टाका, मी सही करेन, कारण मग ती कमेंट म्हणजे त्याच्या कामाचाच नमुना ठरते. काहीच सापडलं नाही, बारा वर्षांचं रेकॉर्ड तुम्ही म्हणता तसं स्वच्छ निघालं, तर वेतनवाढ रोखा, बदली करा, ठपका ठेवा. शिक्षा अपराधाच्या मानाने धक्कादायक असेल तर कोर्ट हात घालतं, हे बी. सी. चतुर्वेदी प्रकरणात १९९५ लाच आलंय. पोलीस शिपायाने असं लिहिलं असतं तर मी इतकी मऊ राहिले नसते, त्याच्या हातात काठी असते.

नोटिशीच्या उत्तरात सारवासारव नको. "अकाउंट हॅक झालं होतं" तर अजिबात नको, आमच्याकडे एकाने ते लिहिलं आणि सायबर सेलचा अहवाल आल्यावर खोटं बोलल्याचा दुसरा आरोप वाढला. लिहिलं असेल तर लिहिलं म्हणा, संदर्भ द्या, आणि वर्गातल्या कामाचे कागद जोडा, पालकांची पत्रं, निकाल, शिष्यवृत्तीची यादी. पालकांची पत्रं भावाने स्वतः फिरून गोळा करू नयेत, दबाव टाकला म्हणतील.

माझं पुढे काय झालं विचाराल म्हणून, आरोप अंशतः सिद्ध, एक वेतनवाढ रोखली, अपिलात ठपक्यावर आलं. पण निलंबनाचा काळ ड्युटी धरायचा की नाही, याचा वेगळा आदेश निघावा लागतो आणि तो त्याच ऑफिसने दाबून ठेवला. सातव्या आयोगाची माझी वेतननिश्चिती त्यापायी अडकली, बरोबरीचे सगळे फरक घेऊन मोकळे झाले आणि मी मॅटचा आदेश आणेपर्यंत जुन्याच पगारावर. शिक्षेपेक्षा हे जास्त लागलं. भाऊ कामावर परत रुजू झाला की त्याच आठवड्यात या आदेशासाठी अर्ज टाकायला सांगा, नंतर बघू म्हणू नका.

नोटिशीत मुदत किती दिवसांची दिलीय आणि सही कोणाची आहे, सीईओंची की शिक्षणाधिकाऱ्यांची, तेवढं कळवा. नावं आणि शाळा खोडून फोटो टाकलात तर इथले आणखी दोघं जिल्हा परिषदवाले आहेत, ते माझ्यापेक्षा नीट सांगतील.