उत्तर अमेरिकेतल्या रानटी बिगहॉर्न मेंढ्या न्यूमोनियाने मरतात, तर लस का देत नाहीत? आजारी मेंढ्या मारतात हे खरं का?

लस देत नाहीत, कारण उपयोगी पडेल अशी लसच अजून नाही. औषधाचं म्हणाल तर या आजाराची सुरुवात करणारा मायकोप्लाझ्मा ओव्हिन्यूमोनिए हा जंतू पेशीभित्तिका नसलेला, त्यामुळे पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही. दुसरं काही चाललं तरी अमेरिकेतल्या हेल्स कॅन्यन या खोल दरीच्या कड्यांवर रोज सुया टोचायला कोण जाणार?

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला बोलायचंय. हो, मारतात. आयडाहो राज्यात अशा कामात मी स्वतः होतो. हेलिकॉप्टरमधून जाळं टाकून पकडलेली मादी समोर आली. डोळ्यांवर पट्टी, पाय बांधलेले, अंग तापू नये म्हणून पाणी ओतणं चाललेलं आणि नाकपुडीत खोलवर स्वॅब. अंगाने चांगली भरलेली, खोकल्याचं नाव नाही. मागच्या वर्षीही पॉझिटिव्ह होती, यंदाही आली. तिला मारलं. त्याच कळपातली कोकरं मी उन्हाळ्यात पाहिली होती. कान पाडून आयांच्या मागे रखडायची, थांबून खोकायची आणि पुन्हा मागे पडायची. मोठी साथ सरली तरी अशा मोजक्या वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट दिसून जंतू पसरवणाऱ्या, माद्यांपायी कोकरं वर्षानुवर्षं जात राहतात.

माझे काका नगरकडे पशुवैद्य, सगळी नोकरी धनगरांच्या मेंढरांत गेली. त्यांनी मला तोंडावर सुनावलं, "जित्राब मारतोस आणि वर त्याला संवर्धन म्हणतोस?" अहो काका, तुमच्या मेंढराला मालक होता, तोंड धरून औषध पाजणारा होता. इथे कोण आहे? साउथ डकोटातल्या कस्टर स्टेट पार्कमधून वाहक मेंढ्या काढल्यावर कोकरं जगण्याचं प्रमाण वाढलं. याहून वेगळं संवर्धन काय असतं?

हा जंतू येतो पाळीव शेळ्या-मेंढ्यांकडून. त्यांच्या नाकात तो बहुतेकदा काही त्रास न देता राहतो. माजाच्या दिवसांत, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, भटका बिगहॉर्न एडका कुणाच्या तरी पाळीव कळपाशी जातो आणि नाकाला नाक लावून परततो. म्हणून आयडाहोतल्या पेयेट राष्ट्रीय वनात २०१० मध्ये पाळीव मेंढ्या चारण्यावर मोठी कपात आली. त्यात मेंढपाळांचं नुकसान झालं, हे मान्य. वाहक शोधून काढणं प्रत्येक कळपात जमेल असंही नाही. वारंवार पकडायला लागतं, पैसा लागतो. पण हौसेने चार शेळ्या पाळणाऱ्याने त्या कड्याखाली चारूच नयेत, यात मला तडजोड मान्य नाही. लाळ्या-खुरकूत आला की गुरांचा बाजार बंद ठेवा म्हणून हेच काका गावाशी भांडायचे. तेव्हा त्यांना कुणी निर्दयी म्हटलं नव्हतं.