नुकतीच नोकरी लागली आहे, महिन्याला ५,००० रुपये वाचतात. गुंतवणुकीची सुरुवात कुठून करू? ओळखीचे एक जण म्हणतात, पतसंस्थेत जास्त व्याज मिळतं.

तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले. असे ‘ओळखीचे एक जण’ आमच्या घरातच होते, माझे सख्खे काका.

वडील एसटीतून निवृत्त झाले, फंड आणि ग्रॅच्युइटीची रक्कम एकदम हातात आली. काकांचं म्हणणं, सगळी रक्कम तालुक्याच्या पतसंस्थेत ठेवा. बँकेपेक्षा तीन-चार टक्के जास्त व्याज, चेअरमन रोजच्या उठण्या-बसण्यातले. मी विचारलं, ठेवीला विमा आहे का? काका भडकले. “चार बुकं शिकली म्हणून घरच्या माणसावर संशय घेते!” वडील गप्प. शेवटी आई मध्ये पडली. बहुतेक रक्कम पोस्टात, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेली आणि काकांचा शब्द राखायला थोडी पतसंस्थेत. काकांनी मात्र जमीन विकून आलेले सगळे पैसे तिथेच ठेवले होते.

पुढे काउंटरवर ‘पुढच्या आठवड्यात या’ सुरू झालं. मग प्रशासक आला, मग अवसायक, म्हणजे संस्थेचा कारभार गुंडाळायला नेमलेला माणूस. संचालकांच्या सोयऱ्याधायऱ्यांना धड तारण न घेता दिलेली कर्जं वसूल होईनात. काकूंच्या ऑपरेशनच्या वेळी ठेव पावती हातात होती, पण पैसे नव्हते. ते वडिलांनी पोस्टाच्या व्याजातून दिले.

बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा असतो. २०२० च्या आधी तो १ लाखच होता. पतसंस्थेला हा विमा नाही आणि तिच्यावर देखरेख रिझर्व्ह बँकेची नसून सहकार खात्याची असते. जादा व्याज मिळतं ते ही जोखीम घेतल्याबद्दल.

आता तुमचे ५,०००. आधी सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव) लावून साठवा, तोवर शेअरचं नावही काढू नका. नंतर निम्मे पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या दीर्घ मुदतीच्या बचत योजनेत. निम्मे निफ्टीच्या इंडेक्स फंडात, म्हणजे ५० मोठ्या कंपन्यांच्या शेअरच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात, एसआयपीने (दरमहा ठरावीक रक्कम), तेही डायरेक्ट प्लॅनमध्ये, म्हणजे एजंटच्या कमिशनशिवाय. पीपीएफचे पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या भरण्यावर त्या महिन्याचं व्याज जातं. निफ्टी २०२० च्या जानेवारीत १२,००० च्या वर होता आणि मार्चमध्ये ८,००० च्या खाली आला, म्हणून सात-आठ वर्षं लागणार नाहीत तेवढेच पैसे तिथे टाका. विमा आणि बचत एकत्र करणारी पॉलिसी कोणी गळ्यात मारली तर सरळ नाही म्हणा. घरचे तुमच्यावर अवलंबून असतील तर टर्म इन्शुरन्स घ्या, म्हणजे बचत नसलेला, फक्त मृत्यू झाल्यास घरच्यांना पैसे देणारा विमा.

क्रेडिट कार्डाचं किंवा हातउसनं कर्ज असेल तर मात्र आधी ते फेडा, हे मी वरच लिहायला हवं होतं. आणि सगळ्याच पतसंस्था बुडव्या नसतात, काही फार चोख चालतात. पण ते चेअरमनच्या ओळखीवरून कळत नाही. सभासदाला वार्षिक अहवाल आणि ताळेबंद बघायला मिळतो. त्यात लेखापरीक्षणाचा वर्ग (हिशेब तपासणाऱ्याने संस्थेला दिलेला दर्जा) कोणता आणि थकीत कर्जं किती, हे बघा. काका अजूनही म्हणतात की नशीबच फुटकं होतं. काका स्वतः तिथले सभासद होते. तो अहवाल मागून घ्या असं मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं होतं, त्यांनी मागितला नाही.